मूड गेलेला असताना टेकडीवर जाऊन खरंच काही होतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ तिशी ओलांडलेले, पुण्यात बाणेरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात, काम बहुतेक घरूनच. गेले काही दिवस मूड सारखा जातो, संध्याकाळ झाली की काहीच नकोसं वाटतं. 'जरा निसर्गात जाऊन ये' हा सल्ला घरच्यांनी, मित्रांनी, सगळ्यांनी दिला. ते एकदा टेकडी चढूनही आले. डोक्यात ऑफिसचं चालूच होतं, गेले तसेच परत आले. आता विचारतात की या सल्ल्यात काही दम आहे का, किती वेळ जावं लागतं, आणि एकट्याने जावं की कुणाला सोबत घेऊन.

दम आहे, पण सल्ला अर्धवट दिलेला आहे. मी बरीच वर्षं समुपदेशन करते आणि घराबाहेर पडणं हा गृहपाठ जवळजवळ प्रत्येकाला देते. मात्र कधी जायचं, कुठे जायचं आणि तिथे लक्ष कशावर ठेवायचं हे न सांगता नुसतं 'निसर्गात जा' म्हणणं म्हणजे डोस न लिहिता गोळीचं नाव सांगणं. यातलं 'कधी' सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून तिथूनच सुरू करते.

मूड गेलेला माणूस जावंसं वाटण्याची वाट बघत बसतो. ते वाटणारच नाही, कारण उदासी आधी इच्छाच खाते. सोफ्यावर पडून 'गेलो तर बरं वाटेल का?' असं स्वतःला विचारलं की आतून 'काय उपयोग' हेच उत्तर येतं, आणि ते भरवशाचं नसतं. हे फक्त उदास माणसांचंच होतं असंही नाही. कॅनडात ओटावाच्या कार्लटन विद्यापीठात इमारतींना जोडणारी लांबलचक भुयारं आहेत, तिथल्या थंडीत मुलं त्यांतूनच ये-जा करतात. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही विद्यार्थ्यांना या भुयारातून चालायला लावलं आणि काहींना बाहेर, झाडांमधून. चालण्याआधी बांधलेले अंदाज आणि प्रत्यक्ष अनुभव ताडून पाहिले. बाहेरच्या छोट्याशा फेरीने किती बरं वाटेल, याचा अंदाज लोकांनी कमीच बांधला होता. धडधाकट तरुण मुलांचं हे, तर आधीच मन खाली गेलेल्या माणसाचा अंदाज किती चुकत असेल!

म्हणून इच्छेला विचारायचंच नाही. वार आणि वेळ ठरवायची, आणि ती रोजच्या एखाद्या सवयीला बांधायची. दुपारचा चहा झाला की कप धुवायचा, चपला घालायच्या, खाली उतरायचं. अगदीच नको झालं असेल तर सोसायटीच्या गेटपर्यंत जायचं ठरवा आणि तिथून परत फिरायची स्वतःला मुभा द्या. गेटपर्यंत आलेला माणूस सहसा परत फिरत नाही. आमच्या क्षेत्रात या पद्धतीला बिहेविअरल अ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात: मन सुधारलं की हातपाय हलवू असं न म्हणता आधी हातपाय हलवायचे, मन मागून येतं. वॉशिंग्टन विद्यापीठात नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये नैराश्याच्या रुग्णांवर केलेला अभ्यास या बाबतीत गाजलेला आहे. कृतीवर भर देणारा हा एवढाच भाग दिलेले रुग्ण आणि विचार बदलण्याची संपूर्ण उपचारपद्धती दिलेले रुग्ण, दोघांची सुधारणा साधारण सारखीच झाली. तेव्हा 'मला आतून वाटत नाही, मग कशाला ढोंग करायचं' हा आक्षेप मी आता ऐकून सोडून देते.

आता तुमच्या त्या फसलेल्या फेरीबद्दल. टेकडीवर तुम्ही एकटे गेलाच नव्हता, ऑफिस बरोबर नेलं होतं. तेच ते उगाळत बसणं ही मूड खाली ठेवणारी मोठी गोष्ट आहे: बॉस काय म्हणाला, मी काय म्हणायला हवं होतं, पुढच्या अप्रेझलला काय होणार. स्टॅनफर्डमधल्या ग्रेगरी ब्रॅटमन यांच्या गटाने 2015 मध्ये नेमकं हेच तपासलं. 38 निरोगी शहरी लोकांपैकी निम्म्यांना विद्यापीठाजवळच्या ओकच्या झाडांच्या गवताळ भागात आणि निम्म्यांना वर्दळीच्या मोठ्या रस्त्याच्या कडेने नव्वद मिनिटं एकट्याने चालायला लावलं. झाडांतून चाललेल्यांमध्ये हे उगाळणं कमी झालं, आणि मेंदूच्या पुढच्या, खोलवरच्या ज्या भागाचा उदास विचारांशी संबंध लावतात, त्याची हालचालही कमी झालेली दिसली. रस्त्यावर चाललेल्यांमध्ये तसं झालं नाही. अभ्यास लहान आहे, लोक आजारी नव्हते. त्यावर फार मोठा इमला बांधू नये.

मला त्याहून उपयोगी वाटतो तो मिशिगनमधल्या मार्क बर्मन यांचा 2012 चा अभ्यास, कारण त्यात नैराश्याचे रुग्ण होते. वीसच होते, पण चालायला निघण्याआधी त्यांना मुद्दाम एखादी न सुटलेली, त्रास देणारी गोष्ट आठवायला सांगितली होती. भीती अशी होती की असा माणूस एकटा, शांत जागी सोडला तर तो आणखीच उगाळत बसेल. झालं उलटं. झाडांतून चालून आल्यावर त्यांची स्मरणशक्ती आणि मूड, दोन्ही शहरातल्या फेरीपेक्षा जास्त सुधारले. म्हणजे डोक्यात विषय घेऊन गेलात म्हणून फेरी वाया गेली असं नाही. एकाच फेरीवर निकाल लावून टाकलात, तेवढं नको होतं.

याच बर्मन यांच्या 2008 च्या प्रयोगात आणखी एक मजेशीर गोष्ट आहे. मिशिगनच्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत लोकांना बागेतून चालवलं. त्यांना ते मुळीच आवडलं नाही. तरीही परत आल्यावर आकडे लक्षात ठेवण्याच्या चाचणीत ते सुधारले. टेकडीवर 'वा, काय सुंदर' असं वाटलं नाही म्हणून काही झालंच नाही, असं समजायचं कारण नाही.

हे का होतं? मिशिगनच्याच रेचेल आणि स्टीफन कॅपलन या दांपत्याने मांडलेलं स्पष्टीकरण मला पटतं. स्क्रीनवर, मीटिंगमध्ये, ट्रॅफिकमध्ये आपण लक्ष ताणून धरतो आणि ते ताणणं थकवतं. थकलं की चिडचिड, निर्णय न होणं, लहानसहान गोष्टींनी मूड जाणं सुरू होतं. पानांची सळसळ, सरकणारे ढग, पाण्यावरची लाट लक्ष वेधून घेतात, पण वेठीला धरत नाहीत. त्या वेळात ताणलेला भाग विसावतो. जपानने 1982 मध्ये सरकारी पातळीवर 'शिनरिन-योकू', म्हणजे वनस्नान, लोकांपुढे ठेवलं. तिथे झाडांतून हवेत सुटणाऱ्या द्रव्यांवरही बरंच संशोधन झालंय. त्या द्रव्यांच्या मागे लागून महागडी 'फॉरेस्ट बाथिंग' शिबिरं करायची मला तरी गरज वाटत नाही.

यातूनच तिथे गेल्यावर काय करायचं ते ठरतं. पहिली दहा मिनिटं नुसतं चाला. डोक्यातलं चालू द्या, त्याच्याशी भांडू नका. मग एक जागा ठरवा आणि पंधरा मिनिटं बसा. जागा प्रत्येक वेळी तीच असावी. तुमच्या घराजवळ तुकाईची टेकडी आहे, पलीकडे पाषाणच्या बाजूच्या टेकड्या आहेत, खाली तलाव आहे. कुठेही चालेल, फक्त तीच जागा. एक झाड आपलं म्हणून पकडा. नाव माहीत नसलं तरी बिघडत नाही. खोड बघा, मुंग्या कुठून कुठे चालल्यात बघा, नवी पालवी कुठल्या फांदीला आधी आली ते बघा. मग डोळे मिटून आवाज ओळखा: सगळ्यात जवळचा, मग मधला, मग सगळ्यात लांबचा. हायवेचा आवाज येणारच, तोही धरा. मध्येच बॉस आठवला तर आठवू दे, आठवला हे लक्षात आलं की परत मुंगीकडे.

आणि बघायला आपल्याकडे वर्षभर काही ना काही असतंच. फेब्रुवारीत काटेसावर आणि पळस फुलतात आणि त्यांवर मैना, बुलबुल, शिंजिरांची झुंबड उडते. पुण्याच्या टेकड्यांवर वनीकरणात लावलेला गिरिपुष्प हा परदेशी वृक्ष माजलाय, वनस्पतीवाले त्याच्यावर रागावतात आणि ते बरोबरही आहे, पण त्याच सुमाराचा त्याचा फिकट गुलाबी फुलोरा डोळ्यांना बरा वाटतो. पाडव्याच्या आसपास कडुनिंबाच्या मोहोराचा वास असतो. मग बहावा. उन्हाळ्यात तांबट पक्षी एका सुरात ठोकत बसतो. मे संपता संपता पावशा 'पेरते व्हा' सुरू करतो. पावसाळा ओसरताना टेकडीवर सोनकी पिवळी होते. यातली एखादी गोष्ट मागच्या आठवड्यापेक्षा वेगळी दिसली की मनात एक लहानसं 'अरे' उमटतं. मूड खालावलेल्या माणसाकडे नेमकं हेच नसतं, त्याला सगळे दिवस सारखे वाटतात. म्हणूनच तीच जागा, तेच झाड.

फोन खिशात, आवाज बंद. इअरफोन घरी. पावलं मोजू नका. पक्ष्यांचे आवाज ओळखून देणारी मर्लिनसारखी अ‍ॅप छान असतात, पण फोन हातात आला की बोट आपसूक व्हॉट्सअ‍ॅपकडे जातं, हे मी इतक्यांकडून ऐकलंय की पहिला महिना तेही नको म्हणते. आणि दर दोन मिनिटांनी 'बरं वाटतंय का आता?' असं मन चाचपू नका. निघताना आणि परत आल्यावर वहीत शून्य ते दहापैकी एक आकडा लिहा, मध्ये नाही. पहिल्या काही फेऱ्यांत बहुधा 3 चा 4 होईल, 3 चा 9 होणार नाही. पण 'काहीच फरक पडत नाही' असं मन म्हणेल तेव्हा ती वही समोर असलेली बरी.

कुठे जायचं? चालत दहा-पंधरा मिनिटांत पोचाल तिथे. नागपूरकराला अंबाझरी, कोल्हापूरकराला रंकाळा, मुंबईत बोरिवलीकराला नॅशनल पार्क, भायखळ्याला राणीची बाग. यातलं काही नसेल तर वॉर्डातली बाग किंवा एखाद्या शांत गल्लीतले दोन वड. मूड गेला म्हणून रविवारी सिंहगड गाठायचा बेत मी मोडून काढते. घाटात गाड्यांची रांग, पार्किंगची भांडणं, वर भज्यांच्या टपरीपाशी रेटारेटी, आणि उतरताना पुन्हा रांग. गड जरूर बघा, चांगल्या मूडमध्ये बघा. उपचार म्हणून आठवड्यातून तीनदा सहज जमणारी साधी जागा हवी.

किती वेळ, याचं उत्तर म्हणून हल्ली 'आठवड्याला 120 मिनिटं' हा आकडा फिरतो. तो 2019 मध्ये इंग्लंडमधल्या जवळपास वीस हजार लोकांच्या पाहणीतून आलाय. आठवड्याला दोन तास किंवा जास्त वेळ बागेत, जंगलात, किनाऱ्यावर घालवणारे लोक आपली तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगत होते. वेळ एका दमात घालवला की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडला नाही. मात्र ही पाहणी आहे, प्रयोग नाही. ज्यांचं मुळात बरं चाललंय तेच बाहेर जास्त पडत असतील, हेही शक्य आहे. लक्ष्य म्हणून आकडा ठीक आहे: चाळीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा. वीसच मिनिटं मिळाली तर वीस, त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही.

घरून काम करणाऱ्यांसाठी उजेडाचा मुद्दा वेगळा सांगायला हवा, कारण तो कुणाच्या लक्षात येत नाही. ट्यूबलाइटच्या खोलीत आपल्याला लख्ख वाटतं, पण तिथे उजेड असतो शे-तीनशे लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक). बाहेर ढगाळ हवेतही तो दहा हजारांच्या घरात जातो आणि उघड्या उन्हात लाखाच्या आसपास. शरीराचं घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या या उजेडावर चालतं. दिवसभर पडदे ओढून लॅपटॉपसमोर बसलं आणि रात्री बारापर्यंत मोबाइल बघितला की झोप पुढे सरकते, आणि अपुऱ्या झोपेचा मूड कुठलीही टेकडी दुरुस्त करत नाही. म्हणून शक्य असेल तर सकाळची फेरी. पण हिवाळ्यात पुण्या-मुंबईत पहाटे साडेपाचला नको. जमिनीलगतच्या थंड हवेत धूर आणि धूळ अडकून राहतात; ऊन वर आलं की हवा हलते. आठ-साडेआठला निघा, उजेडही मिळेल. विदर्भात एप्रिल-मे असेल तर हिशोब उलटा, सातच्या आत घरात. लंडन-स्टॉकहोमकडे असलेल्या मराठी मंडळींना हिवाळ्यात सकाळचा नाही तर दुपारचा, जो मिळेल तो उजेड पकडावा लागतो. तिथे खिडकीशी बसून कॉफी पिण्यापेक्षा कोट चढवून बाहेर पडणं कधीही चांगलं.

मूड गेला म्हणजे नेमकं काय झालं, हेही बघावं. राग असेल, घरी वाजलं असेल, तर सुरुवातीला झपाझप चढाचा रस्ता घ्या. लगेच बसून मुंग्या बघायला सांगितलं तर माणूस आणखी भडकतो. छातीत धडधड, घाबरं होणं असा त्रास असेल तर चढ नको. चढताना लागलेला दम आणि घाबरल्यावर लागलेला दम शरीराला सारखाच वाटतो आणि नसता घोळ होतो; सपाट वाट, मोकळी नजर पोचेल अशी जागा. जवळचं कुणी गेलं असेल, तर बरं वाटण्याची अपेक्षा ठेवूनच जाऊ नका. रडू आलं तर येऊ द्यावं, एवढ्यासाठी जा. आणि दुपारी जेवलाच नसाल तर आधी जेवा.

सगळ्यांना बाहेर पडता येत नाही, हे मला रोज दिसतं. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस, तान्हं मूल, रात्रपाळी, दुखरे गुडघे. त्यांच्यासाठी रॉजर उलरिक यांचा 1984 चा अभ्यास सांगते. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या 23 जोड्या त्यांनी नोंदींवरून लावल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. तेव्हा पलंग खिडकीकडे फिरवा, पडदा उघडा ठेवा, गॅलरीत तुळस, गवती चहा, मोगरा काय जगेल ते लावा आणि पाणी घालताना दोन मिनिटं तिथेच रेंगाळा. पक्ष्यांना वाटीभर पाणी ठेवा. कबुतरांना दाणे मात्र टाकू नका, त्यांच्या विष्ठेने फुप्फुसांचे आजार होतात.

बायकांना 'एकटीने टेकडीवर जा' असं मी कधीच सरसकट सांगत नाही. मागे कोण येतंय इकडे कान लावून चालावं लागलं तर लक्ष विसावणार कसं? वर्दळीची वेळ, माणसं असलेली बाग, किंवा सोबत. पावसाळ्यात गवतात शिरताना बूट घाला, हातात काठी ठेवा. आणि कधीही गेलात तरी खाजकुइलीच्या शेंगांना भुलून हात लावू नका.

आता मर्यादा, आणि हे नीट वाचा. दोन आठवड्यांहून जास्त काळ, बहुतेक दिवस, दिवसाचा बहुतेक वेळ मन खाली असेल, आवडीच्या गोष्टीतही गोडी उरली नसेल, झोप-भूक बिघडली असेल, कामावर परिणाम होत असेल, तर फिरणं चालू ठेवून डॉक्टरांना भेटा. 'गेले काही दिवस' असं तुम्ही लिहिलंय, ते किती ते मोजून बघा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12 तपासून घ्या. शाकाहारी घरांतून बी-12 ची कमतरता बरीच दिसते आणि ती थकवा आणि उदासीच्या रूपात येऊ शकते. गोळ्या चालू असतील तर टेकडीने बरं वाटायला लागलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. आणि जगणं नको, असे विचार येत असतील तर त्या वेळी एकट्याने टेकडी, तलाव, गड काहीही नको. माणसांत थांबा, घरच्या कुणाला तरी स्पष्ट सांगा, 14416 वर फोन करा. ही टेलिमानस नावाची सरकारी सेवा आहे. फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.

राहिला एकट्याने की सोबतीने हा प्रश्न. वर सांगितलेल्या स्टॅनफर्ड आणि मिशिगनच्या फेऱ्या लोकांनी एकट्याने केल्या होत्या, आणि पंधरा मिनिटं झाडाशी बसणं एकट्यालाच जमतं. पण घरून काम करणाऱ्याला दिवसभर एकटेपणाच असतो. म्हणून तुम्ही दोन फेऱ्या एकट्याने करा आणि तिसरीला मित्राला बोलवा. तो खाली येऊन उभा राहिला की तुम्हाला टांग मारता येत नाही, हा त्यातला मोठा फायदा. मित्र निवडताना सल्ले देणारा निवडू नका. आणि चढताना ऑफिसचा विषय काढायचा नाही असं आधीच ठरवून घ्या; उतरताना बोला काय बोलायचं ते.